आवड नको, नोंद दाखवा

सकाळी 6.30. गाय काल संध्याकाळी माजावर आली, म्हणून रेतन आज सकाळी. आमच्याकडे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून आलेली इंटर्न आहे. साडेपाच वर्षांच्या पदवीतलं हे तिचं शेवटचं वर्ष. उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमधून वीर्याची कांडी काढून तिनं 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली. हात चांगला बसलाय. पण वहीत नुसतं ‘कृत्रिम रेतन केलं’ लिहून भागत नाही. गाय गाभण राहिली का, हे दोन-तीन महिन्यांनी तपासणीत कळतं. तोवर इंटर्नची पोस्टिंग बदललेली असते. म्हणून मालकाचा नंबर वहीतच लिहून ठेवायला लावतो.

9.00. दवाखाना. पोटफुगीची शेळी, लंगडणारा बैल, जंताचं औषध मागणारे चौघे.

10.30. खोड्यात एक संकरित गाय आली. ताप 105.8, चारा सोडलेला, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, कासेजवळ गोचिडी. मालक म्हणाला, “मॅडम, तापाचं इंजेक्शन द्या की लगेच.” इंटर्ननं आधी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला. दुसरी पट्टी तिरकी टेकवून थेंब कडेला पसरू दिला आणि एका दमात पुढं ओढली. थांबत ओढली की पट्टे पडतात. स्मिअर वाळवून, मिथेनॉलमध्ये बुडवून जिम्साचा रंग दिला. अर्ध्या तासानं सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत बारीक ठिपके, अंगठ्या. गोचीड ताप. मग ब्युपारव्हाक्वोन, वजनाच्या हिशेबानं. मी तिला मोबाइलवर स्लाइडचा फोटो काढायला लावला आणि फोटोचा क्रमांक वहीत लिहायला सांगितला.

2.00. डबे उघडल्यावर तिनं बायोडेटा पुढं केला. पहिल्याच ओळीत ‘प्राण्यांची लहानपणापासून आवड’. अहो, आवड नसलेला माणूस या धंद्यात अर्ज कशाला करेल? खाली वेबिनारच्या प्रमाणपत्रांची रांग. लॉकडाउनपासून हे पीक फारच माजलंय. दोन तास मोबाइल चालू ठेवला की प्रमाणपत्र हजर. सकाळच्या स्लाइडचा, रेतनाचा मात्र कुठंच उल्लेख नाही.

“सर, ते तर सगळेच करतात.”

सगळे करतात, लिहून ठेवणारे थोडे. शिवाय बायोडेटा एकच असून चालत नाही. कुक्कुटपालन कंपनी शवविच्छेदनं किती केलीस, निदान कसं केलंस हे विचारणार. दूध संघाला गाभण राहण्याचं प्रमाण आणि कासदाहाच्या चाचण्या हव्यात. पुण्या-मुंबईतला कुत्र्यामांजरांचा दवाखाना शस्त्रक्रियेत तू स्वतः टाके घातलेस की नुसती बाजूला उभी होतीस, हेच पाहणार. एम.व्ही.एस्सी.ला आयसीएआरची प्रवेश परीक्षा, पशुधन विकास अधिकारी व्हायचं तर एमपीएससी. तिथं आधी अभ्यासच. आणि अमेरिकेत प्रॅक्टिस करायची असेल तर पदवीची समकक्षता सिद्ध करून नाव्हले ही परीक्षा द्यावी लागते. तो खर्च नि वेळ आधी मोजावा, मग स्वप्नं बघावीत.

4.30. व्हिजिट. तीन दिवसांपूर्वी व्यालेली गाय आडवी, मान कुशीवर वळवलेली, कान गार. कॅल्शियम शिरेतून, अगदी सावकाश. इंटर्न स्टेथोस्कोप छातीला लावून ठोके ऐकत राहिली. लय बिघडली की थांबायचं. पाऊण तासात गाय उठली. मालकानं चहा ठेवला. चहा येईस्तोवर तिनं वहीत वेत, वजन, मात्रा, उठायला लागलेला वेळ लिहिलं. हे मी सांगितलं नव्हतं.

8.30. नवा बायोडेटा आला, एका पानाचा. आवड गेली, वेबिनारपैकी एकच उरलं. केसेस तीन रकान्यांत: स्वतः केलेल्या, मदत केलेल्या, पाहिलेल्या. तिसरा रकाना काढू का, असं तिनं विचारलं. ठेव म्हटलं, त्यानं पहिल्या रकान्यावर विश्वास बसतो.

“रेफरन्स म्हणून तुमचं नाव घालू?”

घाल, पण कुणी फोन केला तर लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रियेत हात कच्चा आहे, हेही मी सांगेन.

“मग अर्ज पुढच्या महिन्यात करते सर. आधी पुण्याच्या दवाखान्यात पोस्टिंग मागून घेते.”