बांधावरचे विषारी बी : एक मागोवा

एरंड, मोगली एरंड, धोतरा आणि गुंजेचा वेल कोल्हापूरच्या शेतशिवारात पिढ्यान्‌पिढ्या उगवत आले आहेत. चौघांचेही बी विषारी आहे. मात्र ते माणसाच्या पोटात जाण्याची कारणे दीडशे वर्षांत बदलत गेली.

एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या नोंदी मुख्यतः घातपाताच्या आहेत. नॉर्मन चेव्हर्स यांचा भारतीय न्यायवैद्यकावरचा ग्रंथ १८५६ साली निघाला, जयसिंग मोदींचा १९२० साली. या ग्रंथांनुसार कातड्यासाठी जनावर मारायला गुंजेच्या लगद्याच्या सुया टोचत, तर वाटसरूंना लुटण्यासाठी अन्नात धोतऱ्याचे बी कालवत. चुकून विष पोटात गेलेला शेतमजूर गुन्ह्यांच्या या नोंदींत फारसा दिसत नाही.

दिसायला सारखे वाटणारे धोतऱ्याचे आणि मिरचीचे बी वेगळे ओळखण्याची पद्धत मात्र याच न्यायवैद्यक परंपरेने दिली. धोतऱ्याचे बी जाडसर, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे. त्यावर बारीक खळगे असतात आणि चव कडू लागते. मिरचीचे बी पातळ, फिकट पिवळे, गुळगुळीत आणि तिखट असते. धोतऱ्याने तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो. तण म्हणून उगवलेल्या धोतऱ्याची बोंडे पिकाबरोबर कापली गेली, तर बी धान्यात येते. २०१९ साली युगांडात मदतीच्या पिठातून अशीच बाधा होऊन माणसे दगावली.

एरंडातले रायसिन हे विष १८८८ साली डोर्पात विद्यापीठात स्टिलमार्क यांनी वेगळे केले. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. म्हणून खत म्हणून वापरायची एरंडीची पेंड गुरांच्या पुढ्यात जाऊ देऊ नये. कडक सालीचे बी अखंड गिळले तर धोका कमी, चावले तर जास्त. गुंजेचेही तसेच.

सर्वांत नवा अध्याय मोगली एरंडाचा, म्हणजे चंद्रज्योतीचा. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून हे झाड कुंपणाला आधीपासून होतेच. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी त्याची शिफारस केली आणि पुढची काही वर्षे लागवडीला जोर आला. अपेक्षित उत्पन्न आले नाही, तरी झाडे राहिली. धोका मुलांना अधिक. फळे पावसाळ्यानंतर वाळतात, त्याच सुमारास गळीत हंगाम सुरू होऊन ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. आईबाप फडात, मुले बांधावर. काळ्या सालीच्या आतला पांढरा गर शेंगदाण्यासारखा गोडसर लागतो, म्हणून एकाने फोडले की सगळी खातात आणि एकाच वेळी अनेकांना दवाखान्यात न्यावे लागते. घशात जळजळ, पोटदुखी, उलट्या, जुलाब असा त्रास काही तासांत सुरू होतो. बियांची ओळख पटावी म्हणून उरलेले बी दवाखान्यात सोबत न्यावे, घरी ओकाऱ्या काढू नयेत.

चंद्रज्योत, एरंड आणि गुंज यांवर उतारा नाही. सलाइन आणि देखरेख हाच उपचार. चंद्रज्योतीची बहुतेक मुले एक-दोन दिवसांत सावरतात. धोतऱ्यावर फायसोस्टिग्मिन हा उतारा आहे, तो रुग्णालयातच देता येतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फडापर्यंतही बोलावता येते.