केईएमच्या परिचारिकांचे ऋण

गंभीर आजारातून उठलेला रुग्ण परिचारिकेचे आभार मानू शकतो; परंतु ज्याची वाचाच हरपली आहे, त्याच्या वतीने ते कोणी मानावेत, हा प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयात दीर्घकाळ जिवंत होता. तेथेच परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या, आणि 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले.

या सेवेचे मोल एका तपशिलातून कळते. एकाच कुशीवर पडून राहिल्यास दाबामुळे त्या जागेचा रक्तपुरवठा थांबतो आणि खोल जखम होते. तिला शय्याव्रण किंवा बेडसोअर म्हणतात. ते टाळण्यासाठी रात्रंदिवस ठरावीक वेळाने कूस बदलावी लागते, अंग पुसून कोरडे ठेवावे लागते, चादरीला सुरकुतीही चालत नाही. इतक्या वर्षांत अरुणाताईंना शय्याव्रण झाले नाही, ही कोणत्याही सन्मानचिन्हाहून मोठी साक्ष होय.

त्यांचे अन्न थांबवून मृत्यू येऊ द्यावा, या मागणीची याचिका 7 मार्च 2011 रोजी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे वादमित्र, म्हणजे त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेले, मानले आणि या कर्मचाऱ्यांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. रुग्णाला मांडता न आलेली कृतज्ञता अशा रीतीने देशाच्या न्यायपीठाने निकालपत्रात नोंदवली.