तहानलेल्या पाखराच्या रक्तात काय चालतं?

मे महिन्यातल्या दुपारी तारेवर बसलेला कावळा नीट पाहा. चोच उघडी, पंख अंगापासून जरा सुटे. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात, त्यामुळे धापा टाकून, श्वासावाटे वाफ सोडून ते अंग थंड ठेवतात. म्हणजे ऊन चढलं की पाणी जास्त खर्च होतं, आणि नेमकं तेव्हाच डबकी आटलेली असतात!

मग धावून येतं व्हॅसोटोसिन. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचं हे हार्मोन. आपल्या शरीरातलं व्हॅसोप्रेसिन त्याचंच भावंड, दोघांत फरक फक्त एका अमिनो आम्लाचा. रक्तातलं पाणी घटलं की मेंदूतून व्हॅसोटोसिन सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी राखू लागतात. खरी गंमत पुढेच आहे. हेच हार्मोन पिट्युटरी ग्रंथीलाही चाळवतं. तिथून निरोप जातो मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि रक्तात उतरतं कॉर्टिकोस्टेरॉन. माणसात कॉर्टिसॉल जे करतं, ते पक्ष्यांत हे करतं. तहान आणि ताण यांची तार अशी एकाच रेणूने जुळलेली आहे.

ताणाचं हार्मोन म्हटलं की आपण लगेच वाईट ठरवतो. मला ते पटत नाही. कॉर्टिकोस्टेरॉन अडचणीच्या वेळी प्रथिनं मोडून शरीराला इंधन मिळवून देतं. प्रथिनं मोडल्याने पाणीही सुटतं, कारण स्नायूत बहुतांश पाणीच असतं. तेवढीच ऊर्जा चरबीऐवजी प्रथिनांतून काढली, तर सुमारे पाचपट पाणी मिळतं! कॅनडातल्या संशोधकांनी स्वेनसन्स थ्रश या कस्तुराच्या भाईबंदांना वाऱ्याच्या बोगद्यात उडवलं. हवा कोरडी असताना त्या पाखरांनी स्नायू आणि आतल्या अवयवांतली प्रथिनं जास्त जाळली. 2011 साली हा शोध ‘सायन्स’मध्ये आला. उडता उडता स्वतःच्या अंगातूनच पाणी काढायचं, याला काय म्हणावं!

अर्थात हे थोड्या काळापुरतं ठीक. कॉर्टिकोस्टेरॉनची पातळी दिवसेंदिवस चढीच राहिली, तर स्नायू झिजतात, रोगाशी लढायची ताकद घटते आणि वीण लांबणीवर पडते.

हा ताण मोजणं म्हणजे घड्याळाशी शर्यत. पक्षी हातात आल्यापासून साधारण 3 मिनिटांत रक्ताचा थेंब घ्यावा लागतो. उशीर झाला की पकडल्याच्या भीतीनेच आकडा वर जातो. त्यापेक्षा पीस बरं. पीस वाढत असताना रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन त्यात साठत जातं, म्हणून गळून पडलेल्या पिसातूनही ते पीस उगवत होतं तेव्हाच्या दिवसांचा अंदाज बांधता येतो.

तहान सोसायला काही मंडळी मुळातच तयारीची. ऑस्ट्रेलियातली झेब्रा फिंच कोरड्या बियांवर, पाण्याच्या थेंबाविना महिनोन्‌महिने काढू शकते. आफ्रिकेतल्या नामाक्वा पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोट बुडवतो आणि पोटावरच्या पिसांत सुमारे 25 मिलिलिटर पाणी भरून पिल्लांकडे उडत जातो. तिची भावकी आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरही दिसते. पक्ष्यांची विष्ठा पांढरी दिसते, तीही पाण्याच्या काटकसरीपायीच. नको असलेला नायट्रोजन ते युरिक आम्लाच्या लगद्यातून टाकतात, त्याला पाणी फारच कमी लागतं.

किडे किंवा मांस खाणाऱ्यांना बरंचसं पाणी खाण्यातूनच मिळतं. चिमण्या-कबुतरांसारखे दाणे टिपणारे मात्र उन्हाळ्यात पाण्यावाचून लवकर अडतात. त्यांच्यासाठी मातीचं पसरट परळ सावलीत ठेवा, पाणी बोटाच्या दोन पेरांएवढंच भरा, मधे एक खडबडीत दगड टाका म्हणजे लहान पाखरांना पाय रोवता येतील. पाणी रोज बदला आणि परळही घासून घ्या.