प्रॉप ट्रेडिंग संस्था (अमेरिकेतील निर्बंध)

प्रॉप ट्रेडिंग संस्था म्हणजे ग्राहकांच्या नव्हे, तर स्वतःच्या भांडवलावर बाजारात व्यवहार करणारी संस्था. ऑनलाइन संस्था शुल्क घेऊन उमेदवाराची चाचणी घेतात आणि तो उत्तीर्ण झाल्यास नफ्यात वाटा देतात. यातील अनेक परदेशी संस्थांचे व्यवहार 'कॉन्ट्रॅक्ट फॉर डिफरन्स' या करारांवर आधारलेले असतात. अमेरिकेत हे करार सामान्य गुंतवणूकदारांना विकता येत नाहीत. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने बाजाराबाहेरील व्यवहारांवरील निर्बंध अधिक कडक केले.

ऑगस्ट २०२३ मध्ये वायदे बाजाराच्या संघीय नियामक आयोगाने 'माय फॉरेक्स फंड्स' चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध फसवणुकीचा दावा दाखल केला. आयोगाच्याच गैरवर्तनामुळे न्यायालयाने तो मे २०२५ मध्ये फेटाळला. दरम्यान, २०२४ च्या आरंभी काही परदेशी संस्थांनी अमेरिकी ग्राहक घेणे थांबवले. परिणामी त्या वेळी तेथील व्यापाऱ्यांना मुख्यतः शिकागोसारख्या नियमनाधीन बाजारांतील फ्युचर्सवर आधारित संस्थांचा पर्याय उरला होता.