मुलांनो, कोर्ट काय करते?

बालमित्रांनो, कोर्ट म्हटले की तुम्हाला बेड्या अन् तुरुंग आठवतो. पण तिथे जाणारे सगळेच चोर नसतात. दोघांचा तंटा मिटेना, तर तिसऱ्याने दोघांचेही ऐकून कायद्याप्रमाणे निकाल द्यायचा, हे कोर्टाचे काम.

समजा, आपल्या वालूरच्या बारवेवर कोणी म्हणाले, "ही आमचीच!" तर? महाडला असेच झाले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला : तळे आमचे, पूर्वापार वहिवाट आमची. डिसेंबरात कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला, म्हणजे तूर्त थांबा. हजारो माणसे जमली होती, तरी बाबासाहेबांनी पाणी न घेता तळ्याभोवती नुसती मिरवणूक नेली. (स्वतः बॅरिस्टर होते ना!)

कोर्टात मोठ्या आवाजाला किंमत नाही, पुराव्याला आहे. आणि तो दावा करणाऱ्यानेच द्यायचा असतो. तळे नगरपालिकेचे ठरले. वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. हरलेल्याला वरच्या कोर्टात जाता येते, तसे तेही गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळले. तोवर नऊ वर्षे उलटली होती. एवढा उशीर मला तरी पटत नाही.