पवनचक्की पाऊस पळवते का?

सातारा असो, सांगली असो की धुळे, पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत तिथे पावसाने ओढ दिली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘या पंख्यांनीच ढग पळवले.’ डोळ्यांदेखत पीक करपत असताना माणूस कारण शोधणारच, आणि डोंगरावर फिरणारी पाती समोरच दिसतात. हा राग समजण्यासारखा आहे. कारण मात्र चुकीचं आहे.

1972चा दुष्काळ आठवा. तेव्हा ग्रिडला वीज देणारी एकही पवनचक्की राज्यात नव्हती. रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरीनच्या किनाऱ्यांवर देशातले सुरुवातीचे पवन प्रकल्प आले ते 1986च्या सुमारास. साताऱ्यातले माण-खटाव तालुके तर त्याच्या कितीतरी आधीपासून पर्जन्यछायेत आहेत. मोसमी पाऊस ठरतो समुद्रावरून येणाऱ्या बाष्पावर, कमी दाबाच्या पट्ट्यांवर आणि घाटाला धडकून वर चढणाऱ्या हवेवर. ही उलाढाल कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत चालते; पात्याचं टोक जमिनीपासून फार तर शे-दोनशे मीटरवर. पवनचक्क्यांनी भरलेल्या, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्यात ढग इतके खाली उतरतात की मनोरे दिसेनासे होतात, आणि तिथे पाऊस धो धो पडतो. पातं हवा ढकलत नाही, वाऱ्यातली थोडी ऊर्जा काढून घेतं. तीही अमर्याद नाही: 59.3 टक्क्यांच्या वर कोणतंच यंत्र जाऊ शकत नाही, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं. जमिनीलगत परिणाम होतो, हे खरं. टेक्सासमधल्या पवन प्रकल्पांच्या परिसरात रात्रीचं जमिनीचं तापमान किंचित वाढल्याचं 2012च्या एका अभ्यासात दिसलं, कारण पात्यांमुळे वरची-खालची हवा मिसळते. पण पाऊस पळवणं ही वेगळी गोष्ट.

‘हिवाळ्यात निम्मे पंखे उभेच असतात, म्हणजे बंद पडलेत,’ असंही म्हणतात. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर त्यातली शक्ती एक-अष्टमांशच उरते, त्यामुळे मंद वाऱ्यात हाती फारसं काही लागत नाही. महाराष्ट्रात वर्षाच्या पवनविजेचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबरमध्येच मिळतो. उलट वादळी वाऱ्यात, ताशी साधारण 90 किलोमीटरच्या पुढे, यंत्र स्वतःला थांबवतं. वर्षभराची सरासरी क्षमतेच्या 22 टक्के धरली, तरी 2 मेगावॅटची एक पवनचक्की सुमारे 38 लाख युनिट देते. महिना 100 युनिट वापरणाऱ्या तीन हजारांवर घरांची ही वर्षाची वीज.

मग गावात भारनियमन का? वीज मनोऱ्याखालून थेट वाडीत जात नाही. ट्रान्सफॉर्मरमधून ती 33 केव्हीवर चढते, उपकेंद्रात गोळा होते आणि तिथून राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. गावाला वीज मिळते ती महावितरणच्या फीडरवरून. तो फीडर दुबळा असेल तर डोंगरावर शंभर पंखे असूनही अंधारच.

‘हे सगळं कर वाचवायला’ या आरोपात मात्र तथ्य होतं. घसाऱ्याच्या मोठ्या सवलतीमुळे वीजधंद्याशी संबंध नसलेल्यांनीही पूर्वी पवनचक्क्या घेतल्या. वीज कंपन्यांचं गणित वेगळं आहे. 1915मध्ये खोपोलीला जलविद्युत सुरू करणाऱ्या टाटांच्या वीज कंपनीने पुढे सुपे, खांडके, ब्राह्मणवेल, सडावाघापूर इथे पवन प्रकल्प उभे केले. 2003च्या वीज कायद्यानंतर वितरण कंपन्यांना ठरावीक हिस्सा अक्षय ऊर्जेतून घ्यावाच लागतो. 2017पासून लिलाव सुरू झाले आणि पहिल्याच लिलावात दर युनिटला 3 रुपये 46 पैशांवर आला.

आता उलट बाजूचा गैरसमज: धूर नाही, म्हणजे निसर्गाला काहीच त्रास नाही. याचं उत्तरही चाळकेवाडीतच मिळालं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या पठारावर केलेला अभ्यास 2018मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. परिणामी त्यांचं भक्ष्य असलेले, गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेले सरडे वाढले. वाढले, पण बदलले. त्यांच्यातला ताणाचा संप्रेरक कमी झाला, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनात; आणि दाटीमुळे खाणं अपुरं पडून अंगाने रोडावले, नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. पक्षी पात्याला धडकून मेले की नाही एवढंच मोजलं असतं, तर यातलं काहीही कळलं नसतं.

माणसांचे प्रश्नही खरे आहेत. धुळ्याच्या साक्री तालुक्यात वनजमिनीवरून आदिवासींची आंदोलनं झाली. अवजड पाती वर नेण्यासाठी कापलेल्या रस्त्यांमुळे उतारांची धूप होते. माझं मत स्पष्ट आहे: पवनवीज आपल्याला हवी, पण जागा निवडताना घाई नको. पावसाच्या अफवेमागे हे प्रश्न झाकले जातात, याचंच मला वाईट वाटतं.

हे प्रश्न विचारायची संधीही आता आहे. उत्तम वाऱ्याच्या जागा जुन्या, लहान यंत्रांनी अडवल्या आहेत. साताऱ्यातल्याच वनकुसवड्याला 350 किलोवॅटची यंत्रं लागली. आजचं 3 मेगावॅटचं एक यंत्र तशा आठांहून अधिक यंत्रांइतकं आहे. जुनी उतरवून संख्येने कमी पण मोठी यंत्रं बसवण्याचं केंद्राचं धोरण 2016मध्ये आलं, 2023मध्ये सुधारलं. तुमच्या पठारावर असा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत विचारा: जमीन विकत घेणार की भाड्याने? रस्ता कुठून काढणार, पाण्याचा निचरा कसा करणार? पक्ष्यांची पाहणी कोणत्या महिन्यांत केली? आयुष्य संपल्यावर मनोरा उतरवायचा खर्च कोणाचा? आणि उत्तरं लेखी घ्या.