नऊ विजयांचं दुःख, सात विजयांचा आनंद

२००३ च्या नोव्हेंबरात नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघानं कोलोराडोला हरवून मोसमातला नववा विजय मिळवला. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढून टाकण्यात आलं. १२ सामन्यांत ९ विजय आणि ३ पराभव ही कामगिरी तिथं अपुरी ठरली. संघाला सामान्यांच्या रांगेत घसरू देणार नाही, अशी विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांची भूमिका होती. २१ वर्षांनी, २०२४ च्या डिसेंबरात, याच संघानं न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियमवर बॉस्टन कॉलेजला २०-१५ असं हरवलं. तो मोसमातला सातवा विजय होता आणि पराभव होते सहा. तरीही चाहत्यांच्या डोक्यावरून मोठं ओझं उतरलं. या दोन दिवसांमधल्या काळात त्या चाहत्यांचं काय झालं, हा प्रश्न मला एका राज्यातल्या एका खेळापुरता वाटत नाही. हरत राहणाऱ्या संघावर जीव लावणं भाबडेपणाचं आहे, असं आपण सहज म्हणून टाकतो. पुरावा नीट पाहिला तर तसं म्हणता येत नाही.

आधी या खेळाची आणि जागेची थोडी ओळख. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन, फेकून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत पुढे नेण्याचा खेळ. विद्यापीठांच्या संघांचा नियमित मोसम साधारण १२ सामन्यांचा, तोही बहुतेक शनिवारी. क्रिकेटमध्ये एक मालिका गेली तर महिनाभरात दुसरी येते. इथं डिसेंबर उजाडला की पुढच्या सप्टेंबरपर्यंत नुसती वाट पाहणं. १२ पैकी किमान ६ सामने जिंकले, तर मोसमाअखेरच्या ‘बोल’ नावाच्या खास सामन्याचं आमंत्रण मिळू शकतं. नेब्रास्का हे मका आणि गुरांचं राज्य, लोकसंख्या जेमतेम २० लाख. तिथं फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलचा वरच्या दर्जाचा एकही व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. लिंकन शहरातलं मेमोरियल स्टेडियम १९२३ साली उभं राहिलं. सामन्याच्या दिवशी ते भरलं की ओमाहा आणि लिंकन सोडता राज्यातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त माणसं त्या एका वास्तूत बसलेली असतात, आणि जवळजवळ सगळी लाल कपड्यांत.

या लोकांनी सुख भरपूर पाहिलं होतं. १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं संघाच्या नावावर आहेत. टॉम ऑस्बर्न १९७३ पासून २५ मोसम प्रशिक्षक होते आणि त्यातल्या एकाही मोसमात संघानं नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. पंचवीस वर्षांत माणसांची एक पिढी मोठी होते. त्या पिढीला नऊ विजय हे पावसाळ्यात पाऊस पडण्याइतके ठरलेले वाटत असतील, तर त्यात नवल नाही. मराठीत ‘अपेक्षा’ आणि ‘आशा’ हे दोन शब्द आपण अदलून-बदलून वापरतो, पण त्यांच्यात मोठं अंतर आहे. अपेक्षेत हक्क असतो. ती पुरी झाली तर आनंद फारसा होत नाही आणि पुरी झाली नाही तर राग येतो. आशेत हक्क नसतो. जे मिळेलच असं नाही त्याच्यासाठी थांबायची तयारी असते. माझं म्हणणं असं, की नेब्रास्काच्या पडत्या काळानं चाहत्यांची अपेक्षा मोडली आणि ती मोडली म्हणूनच आशेला जागा झाली. २००३ मधली माणसं आशावादी नव्हती, अपेक्षावादी होती.

हे एका रात्रीत झालं नाही. सोलिच यांच्यानंतर आलेल्या बिल कॅलाहन यांच्या पहिल्याच मोसमात, २००४ मध्ये, विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. १९६१ नंतर तसं प्रथमच घडत होतं. पुढे बो पेलिनी यांनी सात मोसमांत दरवर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकून दिले, तरी २०१४ मध्ये त्यांनाही जावं लागलं. मग माइक रायली आले, गेले. २०१८ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट आले तेव्हा घरचा मुलगा परत आल्याची भावना राज्यभर होती. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, हेच होते. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या संघाला त्यांनी नुकताच एकही पराभव न होता मोसम पार करून दिला होता. त्यांच्या नेब्रास्कानं पहिले सहाच्या सहा सामने गमावले. २०१७ ते २०२३ असे सलग सात मोसम पराभवांची संख्या विजयांपेक्षा जास्त राहिली.

यातला २०२१ चा मोसम बारकाईनं पाहण्यासारखा आहे, कारण चाहते आंधळे होते की नाही याचा निकाल तिथं लावता येतो. त्या वर्षी तीन विजय आणि नऊ पराभव झाले, पण नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी. मिशिगन स्टेटविरुद्ध चौथ्या सत्रात आघाडी होती. एक किक चुकीच्या बाजूला गेली, प्रतिस्पर्ध्यानं ती पकडून थेट टोकापर्यंत नेली, बरोबरी झाली आणि जादा वेळेत सामना २३-२० असा हातचा गेला. मिशिगनविरुद्ध २९-२९ अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटांत क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटला आणि तीन गुणांनी पराभव झाला. आयोवाविरुद्ध २१-६ अशी आघाडी होती. मग एक किक अडवली गेली, चेंडू उलट्या दिशेनं गोलरेषेपार गेला आणि निकाल २८-२१ लागला. पूर्ण मोसमात या संघानं केलेले गुण दिलेल्या गुणांपेक्षा जास्त होते. हा आकडा थोडा फसवा आहे हे कबूल करायला हवं, कारण नॉर्थवेस्टर्नवरच्या ५६-७ आणि फोर्डहॅमवरच्या ५२-७ अशा मोठ्या विजयांनी तो फुगला होता. तरीही थोडक्यात लागणाऱ्या निकालांत नशिबाचा वाटा मोठा असतो आणि तेच दुर्दैव दरवर्षी तसंच येत नाही, हा आकडेवारीतला जुना नियम आहे. पुढच्या वर्षी यातले निम्मे तरी सामने आपल्याकडे झुकतील, असं मानणारा चाहता भाबडा नव्हता. तो उपलब्ध पुराव्यावरून तर्क करत होता. तर्क चुकला. २०२२ चा तिसराच सामना घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असा हरल्यावर फ्रॉस्ट यांना दुसऱ्या दिवशी निरोप मिळाला. त्यानंतर २०२३ मध्ये पहिल्या आठपैकी पाच सामने जिंकून बोलच्या आमंत्रणासाठी चारांत एक विजय हवा असताना चारही गेले, त्यातले तीन प्रत्येकी तीन गुणांनी आणि उरलेला जादा वेळेत. निराशा इतकी खोल जाते ती यामुळे. सपाटून हरणाऱ्या संघाचा चाहता मध्यंतरालाच मन आवरून घेतो. इथं मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत मन आवरायला कारणच मिळत नव्हतं.

या म्हणण्यावर पहिला गंभीर आक्षेप मानसशास्त्राचा आहे आणि तो याच खेळातून आलेला आहे. १९७३ च्या मोसमात रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात अमेरिकी विद्यापीठांत दर सोमवारी वर्गातल्या विद्यार्थ्यांचे कपडे पाहिले. संघ शनिवारी जिंकला असेल तर विद्यापीठाचं नाव-चिन्ह असलेले कपडे जास्त दिसत. विद्यार्थ्यांना फोन करून निकाल विचारला, तर जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’ असं बोलणं वाढे आणि हरल्यावर ते ‘आपण’ कमी होई. पुढे १९८६ मध्ये सी. आर. स्नायडर आणि सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू मांडली, की अपयशी गटापासून माणसं स्वतःला तोडून घेतात. मग निष्ठा कसली, हे तर उगवत्या सूर्याला नमस्कार घालणं झालं, असं कुणी म्हणेल. पण त्या अभ्यासांनी मोजलं ते चारचौघांत मिरवणं. सोमवारी सदरा कपाटात ठेवणारा माणूस पुढच्या शनिवारी मैदानावर जातो की नाही, हे त्यातून कळत नाही. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी घरात गप्प बसणं ही फारकत नसते. बऱ्याचदा ते लागलेल्या घावाचंच लक्षण असतं, कारण ज्याचं काही जात नाही त्याला लपवायचंही काही नसतं.

हेच स्नायडर पुढे आशेच्या अभ्यासासाठी जास्त ओळखले गेले. त्यांच्या मते आशेला नुसतं ध्येय पुरत नाही. तिथं पोचायचे मार्ग दिसायला हवेत आणि त्या मार्गानं जाण्याची ताकद आपल्यात आहे असं वाटायला हवं. या कसोटीवर चाहत्याची आशा लंगडी दिसते, कारण तो ना खेळतो, ना संघ निवडतो. पण अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रेक्षकाच्या हातात एक खरी गोष्ट असते, आवाज. प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या तोंडी इशाऱ्यानं सुरू होते. ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणसं ओरडू लागली की पाहुण्या संघाला तो इशारा ऐकू येत नाही. एखादा खेळाडू चेंडू हलण्याआधीच हलतो आणि संघाला पाच यार्ड मागे जावं लागतं. म्हणजे जागेवर बसलेल्या माणसाचा निकालात अगदी छोटा, पण मोजता येण्यासारखा वाटा असतो. पडत्या काळात रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची यांत हा फरक आहे. ३ नोव्हेंबर १९६२ पासून मेमोरियल स्टेडियमवरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत आणि अशा सामन्यांची संख्या ४०० च्या पुढे गेली आहे. या विक्रमाला मी फार मोठा पुरावा मानत नाही. विकलेलं तिकीट म्हणजे आलेला माणूस नव्हे, आणि २०२१ मध्ये विक्रम तुटायची वेळ आली तेव्हा देणगीदारांनी उरलेली तिकिटं घेऊन ती गरजू मुलांसाठी दिली. तरी कुणाला तरी तो तुटू नये असं इतकं वाटलं, आणि ज्या मुलांना तिकीट परवडलं नसतं ती आत बसली, हेही तितकंच खरं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. दरवर्षी मैदान भरतंच आहे तर कारभाऱ्यांनी सुधारावं कशाला? अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात निष्ठेचा जो विचार मांडला, तो इथं उपयोगी पडतो. घसरणाऱ्या संस्थेपुढे माणसाला दोन वाटा असतात, सोडून जायचं किंवा आवाज उठवायचा. निष्ठा सोडून जाणं लांबवते आणि त्यामुळे आवाजाला वेळ मिळतो. नेब्रास्कात कारभारी सुस्तावले असं दिसत नाही. २००३ ते २०२२ या काळात पाच प्रशिक्षक बदलले. फ्रॉस्ट यांना १ ऑक्टोबरपर्यंत ठेवलं असतं तर त्यांना द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती, तेवढेही तीन आठवडे विद्यापीठ थांबलं नाही. या पैशाबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. शिक्षणसंस्थेनं एका माणसाला काम न करण्यासाठी एवढी रक्कम द्यावी, हे कुठल्याही निष्ठेनं समर्थनीय होत नाही. पण हा दोष आशेचा नाही. नऊ सामने जिंकणाऱ्या दोन प्रशिक्षकांना घालवलं ते अपेक्षेनं, गमावलेल्या हक्काच्या रागानं. त्यानंतरची बरीचशी पडझड त्या निर्णयांतूनच आली, असं मानायला जागा आहे.

आशाच उरली नाही तर काय होतं, हे इलिनॉयमधल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं दाखवलं आहे. १९७९ ते १९८२ मध्ये तो संघ सलग ३४ सामने हरला. १९८१ मध्ये सलग पराभवांचा विक्रम झाला तेव्हा विद्यार्थी मैदानात धावले आणि आपणच सगळ्यांत वाईट असल्याच्या घोषणा देऊ लागले. स्वतःचीच टर उडवली की निराशा होत नाही, कारण पणाला काही लावलेलंच नसतं. पण १९८२ च्या सप्टेंबरात नॉर्दर्न इलिनॉयला ३१-६ असं हरवल्यावर त्याच विद्यापीठाच्या पोरांनी गोलपोस्ट उपटून खांद्यावर घेतले आणि नेऊन मिशिगन सरोवरात टाकले. टरीखाली काहीतरी जिवंत होतं तर. रोझ बोल या मानाच्या बोल सामन्यात पुन्हा खेळायला त्या संघाला १९९६ चा जानेवारी उजाडावा लागला. त्याआधी ते तिथं पोचले होते १९४९ मध्ये, म्हणजे अनेक चाहत्यांचं अख्खं आयुष्य मधल्या काळात गेलं होतं.

नेब्रास्कात मॅट रूल यांनी २०२३ मध्ये सूत्रं घेतली. २०२४ मध्ये सहावा विजय मिळाला आणि आठ वर्षांनी बोलचं आमंत्रण आलं. यँकी स्टेडियम हे मुळात बेसबॉलचं मैदान, त्यात डिसेंबरातला न्यू यॉर्क, लिंकनपासून अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास. सामन्याला राष्ट्रीय विजेतेपदाच्या दृष्टीनं काहीही महत्त्व नव्हतं, आणि २००३ मधल्या चाहत्याला हे आमंत्रण अपमान वाटलं असतं. बॉस्टन कॉलेजनं शेवटी २०-१५ पर्यंत अंतर कमी केलं, तेव्हा लाल कपड्यांतल्या माणसांना मागची सात वर्षं आठवली नसतील हे शक्य नाही. या वेळी मात्र पाच गुणांचं अंतर टिकलं.